फोर्टातलं ‘जादूघर’ आणि तीन ग्रुपांवरून आलेला एक फॉरवर्ड

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर मला तीन ठिकाणांहून आला: नातेवाइकांच्या ग्रुपवरून, सोसायटीच्या ग्रुपवरून आणि शाळासोबत्यांच्या ग्रुपवरून. फोर्टमध्ये स्टर्लिंग टॉकीजजवळ असलेल्या फ्रीमेसन हॉलचा फोटो आणि खाली हे: ‘हे मुंबईचं जादूघर. यांचं चिन्ह सैतानाचं, आत पूजाही सैतानाचीच. इंग्रजांनी इथे एकाही भारतीयाला पाऊल ठेवू दिलं नाही. इथेच बसून काँग्रेस जन्माला घातली. आजही हुकूम लंडनहून येतो. सगळ्यांना पाठवा.’

फ्रीमेसन, म्हणजे थोडक्यात मेसन, ही एकमेकांना ‘बंधू’ म्हणणाऱ्या सभासदांची जुनी संघटना. मी मेसन नाही, माझ्या घरात कोणी नव्हतं. पण फोर्टमध्ये बत्तीस वर्षं नोकरी केली, त्या रस्त्याने रोज गेलो, आणि कुतूहलापोटी या मंडळींविषयी मिळेल ते वाचत गेलो. या फॉरवर्डमुळे मुंबईच्या एका माणसाची झुंज पुसली जाते आहे, म्हणून लिहायला बसलो.

आधी ते चिन्ह. माझे आजोबा गवंडी होते. त्यांच्या पिशवीत थापी, ओळंबा, पाणसळ आणि गुण्या असायचा. भिंतीचा कोपरा काटकोनात आहे की नाही हे ज्याने तपासतात, तो गुण्या. फ्रीमेसनांच्या चिन्हात हाच गुण्या आहे आणि त्याच्यावर कंपास. ‘मेसन’ म्हणजेच गवंडी, पाथरवट. जुन्या पाथरवटांच्या संघांतली हत्यारं आणि रीतीभाती या मंडळींनी उचलल्या आणि त्यांतून नीतीचे धडे रचले. त्यांच्या स्थानिक शाखेला ‘लॉज’ म्हणतात. लॉजच्या प्रमुखाच्या गळ्यात गुण्या असतो, त्याच्या खालच्या दोन पदाधिकाऱ्यांपैकी, म्हणजे वॉर्डनांपैकी, एकाच्या गळ्यात पाणसळ, दुसऱ्याच्या ओळंबा. आजोबांना हे चित्र दाखवलं असतं तर त्यांनी एकेक वस्तू नावानिशी ओळखली असती. सैतान त्यांना कुठेच दिसला नसता.

मग सैतानाची गोष्ट आली कुठून? या कहाणीला युरोपात सगळ्यांत जास्त हवा दिली लिओ टॅक्सिल या फ्रेंच लेखकाने. मेसन लोक सैतान पूजतात असं त्याने कित्येक वर्षं लिहिलं, साक्षीदार म्हणून एक बाई कल्पनेतून उभी केली, आणि मोठमोठे धर्मगुरूही त्याला फसले. १९ एप्रिल १८९७ रोजी पॅरिसमध्ये भरसभेत त्याने स्वतःच कबूल केलं की हे सगळं आपण रचलं. कबुलीला सव्वाशे वर्षं उलटून गेली, तरी तेच आपल्या फोनवर येतं आहे. प्रत्यक्षात मेसन व्हायला ईश्वरावर श्रद्धा ही पहिली अट असते. त्याला ते ‘विश्वाचा महान शिल्पकार’ म्हणतात. शपथ ज्याच्या त्याच्या धर्मग्रंथावर घेतात. आपल्याकडे गीता, कुराण, बायबल, अवेस्ता, गुरुग्रंथसाहिब असे ग्रंथ तिथे मानाने ठेवलेले असतात.

‘एकाही भारतीयाला पाऊल ठेवू दिलं नाही.’ या वाक्यात अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्या सत्याने उरलेलं झाकून टाकलं आहे. दार बंद होतं, यात शंका नाही. माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांनी मुंबईतल्या गोऱ्या मंडळींच्या लॉजमध्ये प्रवेश मागितला, तो नाकारला गेला. नकार त्यांना नवा नव्हता. एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेनेही त्यांना आधी बाहेर ठेवलं होतं. पुढे १८४० मध्ये ते तिथले पहिले भारतीय सदस्य झाले. लॉजच्या बाबतीत त्यांनी वाट बदलली. ते युरोपात गेले आणि पॅरिसच्या एका लॉजमध्ये रीतसर मेसन होऊन परतले. आता हा माणूस ‘बंधू’ होता, तरी मुंबईची दारं सहजी उघडेनात. शेवटी डॉ. जेम्स बर्न्स या कंपनी सरकारच्या डॉक्टरने पुढाकार घेतला आणि डिसेंबर १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजच्या, म्हणजे तिथल्या लॉजच्या मध्यवर्ती संस्थेच्या, अखत्यारीत भारतीयांना प्रवेश देणारं ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज मुंबईत निघालं. फोटोतली इमारत त्यानंतर कित्येक दशकांनी बांधली गेली. म्हणजे ती उभी राहिली तेव्हा मुंबईचे भारतीय मेसन जुने झाले होते. पुढे खरशेदजी रुस्तमजी कामा यांच्यासारखे विद्वान याच ‘रायझिंग स्टार’मध्ये आले; लायन गेटजवळची कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट त्यांच्याच नावाची.

हिंदूंना तर आणखी थांबावं लागलं. तुम्ही अनेक देव मानता, तेव्हा तुमची शपथ कशी धरायची, असा आक्षेप होता. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त यांनी १८६३ मध्ये अर्ज केला, प्रवेश मिळाला १८७२ मध्ये. नऊ वर्षं त्यांनी माघार घेतली नाही. बारा वर्षांनी त्याच शहरात नरेंद्रनाथ दत्त नावाचा तरुण मेसन झाला, तेच पुढे स्वामी विवेकानंद. ‘एकही भारतीय नाही’ असं जो लिहितो, तो दार अडवणाऱ्यांचं काहीच बिघडवत नाही. दार उघडायला लावणाऱ्यांचं नाव मात्र पुसतो. मला राग येतो तो याचा.

आणि एकही भारतीय आत नव्हता, तर तिथे बसून काँग्रेस काढली कोणी? फॉरवर्ड लिहिणाऱ्याने स्वतःचीच दोन वाक्यं एकमेकांशेजारी ठेवून वाचलेली नाहीत. दादाभाई नौरोजी मेसन होते, फिरोजशहा मेहताही होते. पण काँग्रेसचं पहिलं अधिवेशन २८ डिसेंबर १८८५ रोजी भरलं ते गोवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात, ७२ प्रतिनिधींच्या उपस्थितीत. ते खरं तर पुण्याला व्हायचं होतं. तिथे कॉलरा पसरला म्हणून मुंबईत आणलं. या माणसांनी राजकारणाचे धडे गिरवले ते बॉम्बे असोसिएशन आणि सार्वजनिक सभेसारख्या उघड संस्थांत. लॉजमध्ये तर धर्म आणि राजकारणावर वाद घालायला मुळातच मनाई असते.

लंडनच्या हुकमाचं उत्तर छोटं आहे. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी ग्रँड लॉज ऑफ इंडिया ही स्वतंत्र संस्था दिल्लीत स्थापन झाली आणि रामपूरचे नवाब तिचे पहिले प्रमुख झाले. काही लॉज आपल्या मर्जीने जुन्या इंग्लिश-स्कॉटिश छत्राखाली राहिली, तीही उघडपणे.

या संस्थेला धारेवर धरायचं असेल तर त्यासाठी खरी गोष्ट हाताशी आहे, आणि फॉरवर्डमध्ये नेमकी तीच नाही: या लॉजमध्ये बायकांना सभासद करून घेत नाहीत, आजही नाही. माणेकजींनी ज्या दारासाठी इतकी वर्षं घालवली, ते त्यांच्या स्वतःच्या मुलींना बंदच होतं. त्याच माणेकजींनी १८६३ मध्ये मुलींसाठी अलेक्झांड्रा गर्ल्स इंग्लिश इन्स्टिट्यूशन काढली. ती शाळाही फोर्टातच आहे, त्या ‘जादूघरा’पासून चालत जाण्याइतक्या अंतरावर.