मुदतीचा ताप

सांगलीकराला बातमी फुटांत सांगितली की लगेच कळते. आयर्विन पुलापाशी पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 ला धोका. 2019 साली ते 57 च्या वर गेलं, तेव्हा आम्ही गावभागातली मंडळी कुठे होतो ते विचारू नका. त्यामुळे यंदा पावसाळ्यात मला टायफॉइड झाला तेव्हा आईने नातेवाइकांना दिलेली खबरबात अशी होती : "रात्री 103 ला टेकला होता. पहाटेपासून स्थिर आहे. संध्याकाळपर्यंत ओसरेल म्हणतायत." कोयनेतून किती सोडलंय, एवढंच पलीकडून आत्याने विचारलं नाही.

जुनी माणसं याला मुदतीचा ताप म्हणतात. पूर्वी तो तीन-चार आठवड्यांची मुदत भरल्याशिवाय हलायचा नाही. आता गोळ्यांनी लवकर उतरतो, पण आतडी नाजूक झालेली असतात म्हणून पेज आणि मऊ भात. भडंग बंद. सांगलीत राहून! स्वयंपाकघरात डब्याचं झाकण उघडलं की आतल्या खोलीत मला ऐकू यायचं, आणि कुणीतरी हळू आवाजात "त्याला कळू देऊ नका" म्हणायचं, तेही.

"आता काय, मस्त पडून वाच," असं जो तो म्हणत होता. नुसतं म्हणून थांबले असते तर बरं होतं. काकांनी आठशे पानांची ऐतिहासिक कादंबरी आणली, पुठ्ठा बांधणीची. उताणं पडून छातीवर धरली. नायक घोड्यावर मांड टाकायच्या आत मला डुलकी लागली आणि सबंध मराठेशाही वीतभर उंचीवरून नाकावर कोसळली. शेजारच्या वहिनींनी दिलेल्या पुस्तकात लिहिलं होतं की आजार आपल्या विचारांतून येतो. माझ्या विचारांत पाणीपुरी होती हे मान्य, पण ती नुसती विचारांत ठेवली असती तर ही वेळ आली नसती. मामेबहिणीची रहस्यकथा त्यातल्या त्यात पातळ. पण तापातलं डोकं म्हणजे गळकी बादली. चाळिसाव्या पानावर खून झाला आणि साठाव्या पानावर मेलं कोण तेच आठवेना. वाचनालयातून आणलेल्या पुस्तकालाही मुदत होती. ती तापाच्या आधी संपली.

शेवटी बायको माळ्यावरून एक गठ्ठा घेऊन उतरली. पुरात काचेच्या कपाटातली चांगली चांगली पुस्तकं कृष्णामाईने नेली. रद्दीत घालायचे राहून गेलेले दिवाळी अंक तेवढे माळ्यावर होते, म्हणून वाचले.

मुखपृष्ठ गेलेला 2008 चा एक अंक हातात आला. हलका, एका हाताने धरता येतो, नाकावर पडला तर वारा लागतो. कुठूनही उघडा, मागचं काही आठवावं लागत नाही. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर अंथरुणाला खिळलेला वाचकच असणार, अशी माझी आता खात्री आहे. मधल्या पानांवर बाबांनी पेन्सिलीने अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं होतं. आडव्या सातच्या उत्तराला चारच घरं. बाबांनी पाचवं अक्षर चौकटीबाहेर लिहून उत्तर बसवलं होतं आणि शेजारी ठसठशीत बरोबरची खूण केली होती. बाबा सगळे हिशेब असेच जुळवायचे. ते पान मी बराच वेळ उघडं ठेवलं.

पण खरं औषध मागे होतं : वार्षिक राशिभविष्य. कन्या राशीला साडेसाती. धनहानी, स्थानबदल, वरिष्ठांशी मतभेद, पोटाचे विकार. हे सगळं होऊन, उरकून, विसरूनही गेलेलं! पुढे काय होणार हे आधीच माहीत असलेलं भविष्य वाचण्यात जे सुख आहे ते कुठल्या कादंबरीत नाही. मी मग घरातल्या सगळ्यांच्या राशी मोठ्याने वाचून काढल्या. बायकोला त्या वर्षी 'मनासारखा जोडीदार' मिळायचा होता. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पेज आणायला गेली.

दहाव्या दिवशी काकांचा फोन.

"काय रे, कितीवर आलास?"

"साडेअठ्ठ्याण्णव," मी अभिमानाने म्हणालो.

"दहा दिवसांत? अरे, मी तुझ्या वयाचा असताना तीन रात्रींत आठशे संपवली होती!"