९ ऑगस्टची तारीख आणि आवणीचा महिना

ऑगस्ट उजाडला की नाशिकमध्ये वाद ठरलेला. एक बाजू म्हणते, जागतिक आदिवासी दिन हे परदेशी खूळ, आपला दिवस १५ नोव्हेंबर, बिरसा मुंडांच्या जयंतीचा. दुसरी म्हणते, जगाने दिलेली ओळख आम्ही का सोडावी? मग पावरीच्या सुरात मिरवणूक निघते, फलक उतरतात आणि वाद वर्षभरासाठी झाकून ठेवला जातो.

तारीख जिनिव्हाची आहे, हे खरंच. ९ ऑगस्ट १९८२ रोजी मूळ रहिवाशांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यगटाची पहिली बैठक तिथे भरली. पण तारखेवर भांडणाऱ्यांपैकी कुणी विचारत नाही की, नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याचा माणूस त्या दालनापर्यंत पोहोचतो का, आणि पोहोचला तर त्याचं म्हणणं शाबूत राहतं का.

त्या कार्यगटाची जागा आता एका तज्ज्ञ यंत्रणेने घेतली आहे. तिची बैठक जुलैत पाच दिवस जिनिव्हात भरते. संयुक्त राष्ट्रांची औपचारिक मान्यता नसलेल्या आदिवासी संघटनांनाही नोंदणी करून तिथे बोलता येतं. १९८५ साली स्थापन झालेला संयुक्त राष्ट्रांचा ऐच्छिक निधी निवड झालेल्यांना प्रवासखर्चही देतो. कागदावर दार सताड उघडं. पण जुलै म्हणजे आवणी. पेठ, सुरगाणा, इगतपुरीत भात-नागलीची रोपं लावायचे हेच दिवस, आणि ज्याच्या जमिनीचा प्रश्न आहे तो त्या वेळी गुडघाभर चिखलात असतो. त्यावर व्हिसा, ठसे द्यायला मुंबईची फेरी, बँकेचे उतारे. भाषांतर सहा भाषांत होतं. कोकणा ही आदिवासी बोली सोडा, त्यात मराठीही नाही. म्हणून तिथे बोलायला जातात ते बहुधा महानगरातले, सफाईदार इंग्रजीचे लोक. त्यांची नियत वाईट नसते. फक्त वनजमिनीचा दावा कुठल्या टेबलावर अडला, हे त्यांना ठाऊक नसतं.

खरी गळती कागदावर होते. प्रत्येक देशाच्या मानवी हक्कांचा आढावा संयुक्त राष्ट्रांत साधारण साडेचार ते पाच वर्षांनी होतो; भारताचा चौथा १० नोव्हेंबर २०२२ रोजी झाला. सरकारी अहवालाला १०,७०० शब्द. एका संस्थेला २,८१५, अनेक संस्था एकत्र आल्या तर ५,६३०. या सगळ्या निवेदनांचा मिळून मानवी हक्क कार्यालय एकच गोषवारा करतं. आढावा साडेतीन तासांचा. त्यात देश बोलतात, तेही जेमतेम मिनिटभर, आणि संस्था गप्प बसतात. अशा चाळणीतून ‘आदिवासींच्या जमिनीच्या हक्कांचा आदर व्हावा’ एवढंच वाक्य खाली पडतं. त्यावर कुठलंही सरकार मान डोलावतं.

चाळणीतून टिकतं ते नेमकं वाक्य. उदाहरणार्थ, वनहक्क कायद्याखाली वैयक्तिक दावा नमुना ‘अ’मध्ये, सामूहिक ‘ब’मध्ये, वनसंसाधनाचा ‘क’मध्ये. तो ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडून उपविभागीय आणि मग जिल्हास्तरीय समितीकडे जातो. उपग्रहाचं चित्र पूरक पुरावा म्हणून चालतं, ते इतर पुराव्यांची जागा घेऊ शकत नाही; नियमात तसं स्पष्ट आहे. दावा फेटाळला तर कारण दावेदाराला कळवावं लागतं, कारण पुढे दाद मागायला ६० दिवस असतात. आता निवेदनात लिहा : अमुक तालुक्यात इतके दावे केवळ उपग्रहचित्रावर फेटाळले, त्यांपैकी इतक्यांना पत्रच मिळालं नाही. यावर परदेशी मुत्सद्दी प्रश्न विचारू शकतो आणि सरकारवर त्याचं उत्तर द्यायचं दडपण येतं. मात्र त्याच्या हाती कागद काही महिने आधी पडायला हवा, कारण शिफारशी आढाव्याच्या दिवशी सुचत नाहीत. त्या आधीच दूतावास आणि राजधानी यांच्यात ठरतात.

दुसरं एक दार नाशिकमध्ये फारसं कुणी ठोठावत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १०७ क्रमांकाचा करार भारताने १९५८ साली स्वीकारला. त्याची भाषा जुनाट आहे, आदिवासींना मुख्य प्रवाहात विरघळवू पाहणारी. तरी त्याचं अकरावं कलम वहिवाटीच्या जमिनीवरची सामूहिक आणि वैयक्तिक मालकी मान्य करतं. त्याच्या भंगाबद्दल निवेदन फक्त कामगारांची किंवा मालकांची संघटना देऊ शकते. ग्रामसभेला तो अधिकार नाही; शेतमजुरांची संघटना ट्रेड युनियन म्हणून नोंदलेली असेल तर मात्र वाट मोकळी होते.

‘घरचं भांडण चव्हाट्यावर कशाला?’ हा आक्षेप राहिला. २००७च्या मूळ रहिवाशांच्या जाहीरनाम्याला १४४ देशांनी पाठिंबा दिला आणि त्यांत भारत होता. त्याच वेळी आपले सगळेच नागरिक मूळ रहिवासी, अशीही भारताची भूमिका आहे. सरकार चव्हाट्यावर आपलं मांडतं, तर कसणाऱ्यानेही मांडावं. येवल्यात १९३५ साली धर्मांतराची घोषणा करणाऱ्या बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची प्रत मागवली होती. त्यांना त्यात घराची बदनामी दिसली नाही.

पण जिनिव्हाचा कागद जिनिव्हात तयार होत नाही. फेटाळलेल्या दाव्याच्या आदेशाची साक्षांकित प्रत, ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल, स्थळपाहणीचा पंचनामा : हे तिन्ही कागद प्रांत कचेरीतून आणि ग्रामपंचायतीतून मिळवायचे असतात, तेही आवणीच्या आधी.