नावं बदलली म्हणून गोष्ट आपली होत नाही

परवा बीडकडचं एक पोरगं शॉर्टफिल्मचा सिनॉप्सिस, म्हणजे गोष्टीचा सारांश, घेऊन आलं, दोन पानं. दुसऱ्याच परिच्छेदात लक्षात आलं की हे मी साउथच्या पिक्चरमध्ये बघितलंय, समुद्राच्या जागी गोदावरी, बोटीच्या मालकाच्या जागी मुकादम, बाकी सीनचा क्रम तोच, कोण कधी मरतं तेपण तेच. विचारलं तर म्हणतंय, सर, नावं तर सगळी बदललीत की.

विषय कुणाच्या बापाचा नसतो हे खरंय. दुष्काळावर, सावकारीवर शंभर जणांनी लिहावं. सुप्रीम कोर्टानंच १९७८ साली आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या केसमध्ये सांगितलंय, कल्पनेवर कॉपीराइट नसतो, मांडणीवर असतो, आणि दोन्ही बघणाऱ्याला हे सरळ उचललंय असं वाटलं तर ती नक्कलच.

मग चहा पिता पिता त्याच्या मावशीचा विषय निघाला. ती दरवर्षी नवऱ्यासोबत ऊसतोडीला जाते, मुकादमाच्या हिशोबात दोघं मिळून एक कोयता, दोघांची मिळून एकच उचल, म्हणजे आगाऊ पैसे. मागच्या साली तापानं पडली तर खाडा लागला, न गेलेल्या दिवसाचे पैसे कापले, म्हणून तिसऱ्या दिवशी अंगात ताप असतानाच उठली आन डोक्यावर मोळ्या घेऊन फळीवरनं ट्रकात चढवायला लागली. मी म्हणलं अरे हे लिही की! तर म्हणतंय, याच्यात काय स्टोरी आहे सर?

इथं माझा जीव तुटतो. घरातली गोष्ट पोरांना गोष्टच वाटंना झालीय.

मी लिहिताना दुसऱ्याचं काही मोबाईलवर उघडं ठेवत नाही. एखादं वळण आधी कुठं वाचल्यासारखं वाटलं तर वहीच्या कडेला मूळ लेखकाचं नाव लिहितो, ते वळण काढून गोष्ट उभी राहते का बघतो, नाही राहिली तर सोडून देतो, कितीबी आवडली असली तरी. पेपरातली घटना घ्या, पण बातमीदाराची वाक्यं नका घेऊ. आणि आपलंही जपा, मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं मेंबर झालं की सिनॉप्सिस रजिस्टर करता येतो. कॉपीराइट लिहिल्याबरोबरच मिळतो, रजिस्टर केल्यावर तारखेचा पुरावा हातात राहतो.

काल रात्री पोरानं मावशीवर लिहून पाठवलंय. एकच पान. शेवट सापडंना म्हणतंय. मी म्हणलं, मावशीला फोन लाव, पुढं काय झालं विचार.