वसंताची गाणी आणि तो एकसुरी ठेका

आज सकाळी फोनवरच्या संगीताच्या अ‍ॅपने 'वसंतासाठी आनंदी गाणी' अशी एक यादी स्वतःहून पुढे केली, आणि ती अर्धी ऐकून होईपर्यंत माझे डोके उठले. प्रत्येक गाण्यात तोच यांत्रिक ठोका, तीच चकचकीत टाळी, आणि श्वास घ्यायचीही उसंत न देता ध्रुवपदावर मारलेली उडी. शेजारी कानाचे मशीन लावून मावशी बसली होती. तिने शांतपणे विचारले, "पहिलं गाणं संपून दुसरं कधी लागलं गं?" दोष तिच्या मशीनचा नव्हता, कारण मलाही ते कळले नव्हते.

मावशीला कमी ऐकू येऊ लागल्यापासून तिने गाणे ऐकणेच सोडले होते. ही मशीन्स मुख्यतः बोलणे समजावे म्हणून बनवलेली असतात. अनेक वाद्ये एकदम वाजली की तिला सगळ्याचा मिळून नुसता गोंगाट ऐकू येतो. गेल्या वर्षी मी तिला अमेरिकन गायिका नीना सिमोनचे १९६५ सालचे 'फीलिंग गुड' लावून दिले. त्याच्या सुरुवातीला एकही वाद्य नाही. तो खर्जातला आवाज एकटाच पक्ष्यांबद्दल, सूर्याबद्दल, वाऱ्याबद्दल गात राहतो आणि मग पितळी वाद्यांचा ताफा दणक्यात आत शिरतो. मशीनचा आवाज कमी करण्यासाठी मावशीने कानाकडे नेलेला हात तिथेच थांबला. "पुन्हा लाव," एवढेच ती म्हणाली.

उल्हास आणि वेग या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे तुम्हा मंडळींना वेगळे सांगायला नको. चिडायला होते ते यासाठी की, ऋतू बदलण्यातला सगळा आनंद आधीच्या गारठ्यावर उभा असतो आणि या याद्या तयार करणाऱ्यांनी तो गारठाच कापून टाकला आहे. पळताना किंवा घर आवरताना ठेका लागतो, हे मान्य. तेवढ्यापुरती ती यादी ठीक आहे.

जर्मन संगीतकार शूमानने आपली पहिली सिंफनी (मोठ्या वाद्यवृंदासाठीची रचना), जिला 'वसंत' म्हणतात, १८४१ च्या जानेवारीत, म्हणजे ऐन थंडीत, चार दिवसांत आखून काढली आणि मार्चअखेरीस संगीतकार मेंडेल्सोनने ती लाइपझिगमध्ये सादर केली. ट्रम्पेट आणि हॉर्न ललकारी देतात, पण त्यानंतर संगीत लगेच धावत सुटत नाही. ते आळोखेपिळोखे देत, हळूहळू गती घेत जागे होते. बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनचे 'हिअर कम्स द सन' याच जातीचे आहे. १९६९ च्या एप्रिलमध्ये बीटल्सच्या कंपनीच्या बैठकींना कंटाळून तो गिटारवादक मित्र एरिक क्लॅप्टनच्या बागेत जाऊन बसला आणि तिथे हातात गिटार घेऊन त्याने ते रचले. त्या गाण्यात लांबलेल्या हिवाळ्याचा उल्लेख आहे, म्हणून तर त्यातले ऊन खरे वाटते.

आपल्याकडच्या रागांबद्दल लिहायला लागले की माझा राग निवळतो. बसंत हा उत्तरांगप्रधान, म्हणजे सप्तकाच्या वरच्या अर्ध्या भागात रमणारा राग. कोमल ऋषभ, कोमल धैवत आणि दोन्ही मध्यम घेऊन तो तार षड्जाभोवती, म्हणजे वरच्या 'सा'भोवती, रेंगाळतो. एरवी तो रात्रीच्या उत्तरार्धात गायचा, पण या ऋतूत त्याला वेळेचे बंधन नाही, ही सवलत मला फार लोभस वाटते. बहार त्याहून खेळकर आहे. मध्यमावरून धैवत आणि शुद्ध निषाद घेत गायक तार षड्जावर पोहोचतो तेव्हा मावशीची मान आपोआप वर होते. तंबोरा, तबला आणि एक गळा, एवढाच पसारा असल्याने तिच्या मशीनमधूनही स्वर स्वच्छ येतो. कुमार गंधर्वांनी 'गीतवसंत' हा स्वतंत्र कार्यक्रमच बांधला होता. ज्यांना शास्त्रीय संगीताची धास्ती वाटते त्यांनी १९५६ च्या 'बसंत बहार' चित्रपटातले भीमसेन जोशी आणि मन्ना डे यांचे 'केतकी गुलाब जूही' आधी ऐकावे; शंकर-जयकिशन यांनी त्यात दोघांना समोरासमोर उभे केले आहे.

आता इटालियन संगीतकार विवाल्डी. १७२५ मध्ये छापून आलेल्या त्याच्या 'चार ऋतूं'मधल्या 'वसंत'चा पहिला भाग टेलिफोनवर ताटकळत ठेवलेल्या लोकांना ऐकवून ऐकवून पार चोथा केला गेला आहे, आणि हे पातक करणाऱ्यांना माझ्याकडून क्षमा नाही. मात्र दुसरा भाग ऐका. तिथे खालचे सूर धरणारी चेलोसारखी वाद्ये गप्प बसतात, व्हायोलिनवर पाने सळसळतात, एकल व्हायोलिन झोपलेल्या गुराख्याचे गाणे गाते आणि व्हायोला (व्हायोलिनचाच थोडा मोठा, खालच्या सुराचा भाऊ) मधूनमधून कुत्र्यासारखा भुंकतो. हे मी सांगितल्यावर मावशीने भुंकणे नेमके पकडले आणि तिला हसू आवरेना.

रशियन संगीतकार स्ट्राविन्स्कीचे 'राइट ऑफ स्प्रिंग' हे बॅले-संगीत मात्र तिला मुळीच झेपले नाही. दोन मिनिटांत "बंद कर ते" असा हुकूम सुटला. १९१३ साली पॅरिसच्या प्रेक्षकांनीही पहिल्याच प्रयोगात गदारोळ केला होता, त्यामुळे मावशी एकटी नाही. तो उल्हास आहे का, असे कोणी विचारले तर मी थोडी अडखळेन. तरीही ते माझ्या यादीत राहणारच, कारण बसून (bassoon) या फुंकवाद्याच्या अगदी वरच्या पट्टीतल्या त्या सुरुवातीच्या चिरक्या, एकाकी सुरानंतर जमीन फोडून काहीतरी वर येते आणि मला ऐकता ऐकता उठून उभे राहावेसे वाटते.

एकच काही ऐकायला सवड असेल, तर शूमान ऐका, आणि सुरुवातीचा संथ भाग पुढे ढकलू नका. मावशीसारखे कोणी घरात असेल, तर नीना सिमोन किंवा बहार लावा, आवाज बेताचा ठेवा आणि मध्ये बोलू नका.