टक्केवारीपलीकडचं कंत्राट

पूल खचला की एक मेसेज फिरू लागतो: “नापास कंपनीला पुन्हा काम मिळतं, कारण वर टक्केवारी पोचते. काळ्या यादीत टाका आणि चांगल्या कंपनीला द्या, विषय संपला.”

टक्केवारी नसतेच, असं कोण म्हणेल? पण ती नसली तरी हे घडतं.

‘टक्केवारी पोचते.’ ब्रिटनचं पोस्ट खातं बघा. फुजित्सू या जपानी कंपनीच्या ‘होरायझन’ या संगणकीय हिशेबप्रणालीने हिशेबात चुका केल्या आणि खापर फुटलं पोस्टाच्या शाखा चालवणाऱ्यांवर. १९९९ ते २०१५ या काळात ९००हून अधिक जण दोषी ठरले. प्रणाली सदोष असल्याचा निकाल तिथल्या उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९मध्ये दिला. तरी २०२०मध्ये उत्तर आयर्लंडशी व्यापार करणाऱ्यांच्या मदतसेवेचं सरकारी काम मिळालं ते फुजित्सूच्याच नेतृत्वाखालच्या गटाला. आणि पोस्ट? ते होरायझनला चिकटूनच राहिलं. अकरा हजारांहून अधिक शाखांचा गल्ला जिच्यावर चालतो, ती प्रणाली एका रात्रीत काढून टाकता येत नाही, आणि तिचे खाचखळगे त्याच कंपनीला ठाऊक.

‘काळ्या यादीत टाका.’ टाकता येतं, पण संतापाच्या भरात नाही. बाजू ऐकल्याशिवाय टाकू नका, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४मध्येच सांगितलंय. बंदीचा इरादा नोटिशीतून स्पष्ट कळला पाहिजे, हे २०१४मध्ये. शिवाय केंद्राच्या २०१७च्या वित्तीय नियमांनुसार एखादं खातं स्वतःपुरती बंदी घालतं, ती जास्तीत जास्त दोन वर्षांची. (तेवढ्यात आपल्याकडे पूलसुद्धा पुरा होत नाही.)

‘चांगल्या कंपनीला द्या.’ इथेच खरी मेख आहे. बहुतेक निविदांत पात्र ठरलेल्यांपैकी सर्वांत कमी दरवाला, म्हणजे एल-वन, जिंकतो. दराखेरीज गुणवत्तेलाही गुण द्यायची मुभा केंद्राने बांधकामांसाठी २०२१मध्ये दिली, तीही निवडक कामांना आणि ३० टक्क्यांपर्यंतच. आणि पात्रता कशावर? उलाढाल, आणि तशाच कामाचा पूर्णत्वाचा दाखला. तो दाखला येतो ज्या खात्याने देखरेख केली, बिलं काढली, तिथूनच. अभियंत्याने ‘काम निकृष्ट’ असा शेरा मारला, तर पहिला प्रश्न त्यालाच येणार: मग एमबीवर, मोजमापाच्या वहीत, सही कुणाची? तेव्हा ‘समाधानकारक’ लिहिणं सोयीचं. तोच कागद पुढच्या निविदेच्या लिफाफ्यात जातो.