एका क्लिपने नॉइज जात नसतो

हॅम मंडळींमध्ये, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांमध्ये, एक सल्ला सारखा फॉरवर्ड होतो: बाजारातून कुठलाही फेराइट क्लिप (केबलवर बसणारा चुंबकीय सिरॅमिकचा तुकडा) आणा, रिगच्या, म्हणजे रेडिओ संचाच्या, पॉवर केबलला अडकवा, ४० मीटर बँडवरचा (७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा) नॉइज, म्हणजे खरखर, गायब. नव्याने परवाना मिळालेली पोरं तसं करून बघतात, एस-मीटर (सिग्नलची ताकद दाखवणारं मीटर) तसूभरही हलत नाही आणि मग फेराइटवरचा त्यांचा विश्वासच उडतो. हे थांबायला हवं, कारण नीट वापरला तर फेराइटसारखा स्वस्त इलाज दुसरा नाही.

‘कुठलाही फेराइट’ चालत नाही. आतलं मिश्रण, म्हणजे मिक्स, कोणतं यावर सगळं ठरतं. एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झ) नॉइज दाबायला ३१ नंबरचं मँगनीज-झिंक मिक्स घ्यावं. ४३ नंबर त्याहून वरच्या फ्रिक्वेन्सीला खुलतं, ६१ नंबर तर २०० मेगाहर्ट्झच्या पुढचं काम करतं. दिसायला तिन्ही सारखीच काळपट, तेव्हा दुकानदाराला मिक्स सांगता येत नसेल तर घेऊ नका. जुन्या एसएमपीएसमधून (स्विचिंग पॉवर सप्लायमधून) निघणारी पिवळी-पांढरी रिंग फेराइट नसतेच, ती लोखंडाच्या भुकटीची असते. ती इथे कामाची नाही.

‘एक क्लिप पुरे’ हा सगळ्यात मोठा घोटाळा. केबल क्लिपमधून एकदाच गेली की ७ मेगाहर्ट्झला जेमतेम काही दहा ओहमचा इम्पीडन्स, म्हणजे करंटला विरोध, मिळतो. त्या केबलचा स्वतःचा कॉमन-मोड इम्पीडन्सच (सगळ्या तारांतून एकाच दिशेने वाहणाऱ्या नॉइजच्या करंटला होणारा विरोध) कित्येकदा शेकड्यांत असतो, त्यात एवढी भर पडून करंट कितीसा कमी होणार? खरी गंमत वेढ्यांत आहे. इम्पीडन्स वेढ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो: ५ वेढ्यांना साधारण २५ पट. तार भोकातून जितक्या वेळा जाते तितके वेढे मोजायचे. ३१ मिक्सच्या ६१ मिलिमीटर व्यासाच्या रिंगवर राउटरच्या अडॅप्टरची बारीक वायर आठ-दहा वेळा ओवली की ४० मीटरवर इम्पीडन्स हजारो ओहममध्ये जातो. मात्र हावरेपणा नको. वेढे वाढले की त्यांच्यातली कपॅसिटन्सही वाढते आणि १० मीटरसारख्या (२८ मेगाहर्ट्झ) वरच्या बँडवर चोक, म्हणजे वेढे घेतलेली ही रिंग, दुबळा पडतो. तिथे कमी वेढे घ्या.

‘रिगच्या केबलला’? नॉइज तयार होतो एलईडी ड्रायव्हरमध्ये, चार्जरमध्ये, सोलर इन्व्हर्टरमध्ये. तिथून निघालेली वायर अँटेनासारखी वागते आणि तुमचा अँटेना ते ऐकतो. म्हणून चोक उगमापाशीच, उपकरणाला अगदी खेटून बसवायचा. उगम शोधायला रिग बॅटरीवर चालवा आणि घराचा मेन स्विच बंद करा. नॉइज गेला तर तो घरातलाच. मग एकेक एमसीबी चालू करत जा. तसाच राहिला तर बाहेरचा. तो फीडलाइनच्या (अँटेना ते रिग या कोअॅक्स केबलच्या) बाहेरच्या जाळीवरून, म्हणजे शील्डवरून, आत येत असेल तर फीडपॉइंटजवळ (केबल अँटेनाला जोडते तिथे) कोअॅक्सवर चोक लावून फरक पडेल, थेट अँटेनात शिरत असेल तर फेराइट काहीच करू शकत नाही.

राहिलं ‘गायब’. एक एस-युनिट म्हणजे ६ डीबी, पॉवरच्या हिशेबात चौथाई. एक-दोन युनिट उतरले तरी दबलेली स्टेशनं वर येतात. आणि मोठा उगम शांत झाला की त्याच्याखाली लपलेला दुसरा ऐकू येतो, तेव्हा चोक फुकट गेला असं समजू नका.

मेन्सच्या वायरवर चोक करताना फेज, न्यूट्रल आणि अर्थ तिन्ही एकत्रच रिंगमधून ओवा. एकट्या फेजचे वेढे घेतले तर ५० हर्ट्झच्या लोड करंटनेच कोअर, म्हणजे रिंग, सॅच्युरेट होतो (चुंबकत्वाने भरून जातो आणि चोक म्हणून निकामी ठरतो). केबल कापू नका, प्लगसकट ओवता येईल अशी मोठी रिंग घ्या.