सून सासूला उठाबशा काढायला लावते

शेजारच्या मावशींनी गेल्या वर्षी ऑक्टोबरात माझ्या नणंदेला फोन करून ही खबर दिली. "रोज संध्याकाळी, मालिका लागायच्या आधी. मी डोळ्यांनी बघितलं." नणंद दुसऱ्याच दिवशी वास्कोहून हजर. मावशी खोटं बोलल्या नव्हत्या, त्यामुळे मला फारसा बचावही करता येईना.

मांय म्हणजे माझ्या सासूबाई. वय ७७. फोंड्याजवळच्या आमच्या घरात तुळशीकडे उतरायला चिऱ्याच्या तीन पायऱ्या आहेत. पावसात चिऱ्यावर शेवाळ धरतं हे गोव्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तरी आषाढात सकाळी दिवा घेऊन निघाल्या आणि दुसऱ्या पायरीवर घसरल्या. डाव्या मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. हाड छान जुळलं, पण तेवढ्यात पाय गेले.

पाय आम्ही घालवले. पेज हातात, पाणी हातात, चष्मासुद्धा हातात. घरात येणारा प्रत्येक जण "मांय, तुम्ही बसा" म्हणून जायचा. नवरा तर त्या उठल्या की "हळू वच गे" म्हणत मागे धावायचा. प्लास्टर निघालं आणि गणेश चवथीला घुमट (मातीचं वाद्य) वाजवत आरती सुरू झाली तेव्हा मांय उभ्याच राहू शकल्या नाहीत. माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखाली, खुर्चीत बसून त्यांनी टाळ्या वाजवल्या. आमची आरती तासभर चालते. तो अख्खा तास त्या मान खाली घालून होत्या, ते मला अजून दिसतं.

२००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात धडधाकट ज्येष्ठांना फक्त १० दिवस बिछान्यात ठेवलं होतं. तेवढ्यात दोन्ही पायांतला मिळून जवळजवळ एक किलो ऐवज, मुख्यतः स्नायू, झडला. दहा दिवसांत. आम्ही तर मांयना सहा आठवडे फुलासारखं जपलं होतं.

मग सुरू झाली शोधाशोध. एका दवाखान्यात व्यायामाचा कागद मिळाला. झेरॉक्सची झेरॉक्स, सगळं इंग्रजीत, चित्रातली गोरी आजी अर्धी पुसलेली. त्यात 'हिप ॲबडक्शन' लिहिलं होतं. मांयनी विचारलं, "हे इंजेक्शन किती दिवस घ्यायचं?" मी हसले खरी, पण चूक त्यांची नव्हती. 'पाय बाजूला उचला' एवढं लिहायला काय जात होतं?

इंटरनेटवर मराठीत शोधलं तर गुडघेदुखीवर रामबाण तेल आणि तळहातावर टाळ्या वाजवून मधुमेह घालवणारे काका. व्हिडिओत पंचविशीतला उघडाबंब मुलगा जमिनीवर आडवा पडून सांगतो, 'ज्येष्ठांसाठी अगदी सोपं'. अरे बाबा, जमिनीवरून मांयना उठवणार कोण? योगवर्गांबद्दलही माझी हीच तक्रार. योग उत्तमच, पण वर्ग चटईवर सुरू होतो आणि चटईवरच संपतो. ज्याला खाली बसताच येत नाही तो पहिल्याच दिवशी घरी परततो.

आणि सगळ्यांचा आवडता सल्ला: "चालायला न्या." कुठे? पणजीकरांना कांपाल आहे, मिरामार आहे. आमच्या गावातल्या रस्त्याला पदपथ नाही. एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला भाड्याच्या स्कूटरी, मध्ये कुत्री. त्यात जून ते सप्टेंबर पाऊस. चालणं वाईट नाही, हृदयाला आणि साखरेला चांगलंच. पण तोल सावरण्याची आणि मांड्यांची ताकद नुसत्या चालण्यातून फारशी येत नाही, आणि माणूस पडतो तो नेमका तिथेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत ६५ च्या पुढच्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं चालण्यासारखी हालचाल आहे. तेवढं सगळ्यांना पाठ असतं. त्याच शिफारशीत स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम किमान दोन दिवस आणि तोल सांभाळण्याचा किमान तीन दिवस सांगितला आहे. तो भाग आमच्यापर्यंत पोचलाच नाही.

शेवटी उपयोगी पडल्या त्या दोन गोष्टी, दोन्ही फुकट. एक, केंद्र सरकारच्या फिट इंडिया मोहिमेने २०२० साली वयानुसार व्यायामाच्या पुस्तिका काढल्या, त्यात ६५ च्या पुढच्यांसाठी वेगळी आहे. दुसरी न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातली पद्धत, खास म्हातारपणी पडणं कमी व्हावं म्हणून बेतलेली. घरातच करायची, पायांची ताकद आणि तोल, आठवड्यातून तीन वेळा, शिवाय जमेल तसं चालणं. चाचण्यांमध्ये पडण्याचं प्रमाण तिने साधारण एक तृतीयांशाने कमी केलं. ही कागदपत्रं वाचण्याइतकं इंग्रजी मला येतं म्हणून आमचं निभावलं. ज्या घरात दोघंच म्हातारे आणि मुलगा दुबईत किंवा लंडनला, त्यांनी काय करायचं? २०११ च्या जनगणनेत गोव्यात साठीच्या पुढचे लोक शंभरात अकराहून जास्त होते, केरळच्या खालोखाल. आता त्याहून जास्तच असतील.

असो. उठाबशांकडे येते.

एक सोपी चाचणी आहे. हात छातीवर घडी घालायचे आणि ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. ७५ ते ७९ वयाच्या बाईला दहापेक्षा कमी जमलं तर पाय कमजोर समजायचे. हात टेकवला तर सरळ शून्य. मांयना शून्य.

प्लास्टिकची खुर्ची घेतली नाही, ती लादीवर सरकते. जेवणाच्या टेबलाची लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली आणि बैठकीवर गोधडीची चौपदरी घडी घातली. बैठक उंच झाली की उठणं सोपं होतं. पहिल्या दिवशी घडीवरून हात न लावता दोनदा उठल्या. "म्हाका कांय जावंक ना" (मला काही झालेलं नाही), असं मलाच समजावून लगेच बसल्या. तीन आठवड्यांनी घडीतला एक पदर काढला. मग आणखी एक. मोजायचं मोठ्याने, 'राम कृष्ण हरी' म्हणत. भक्तीचा भाग आहेच, पण तोंडाने म्हणत राहिलं की श्वास कोंडला जात नाही, आणि रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी श्वास कोंडून जोर लावू नये. गोळीमुळे उठल्यावर गरगरतं, म्हणून दुपारी झोपून उठल्यावर मिनिटभर खाटेच्या कडेला पाय सोडून बसणं ठरलेलं.

बाकीचं ओट्याशी. ओटा धरून टाचा उचलणं, ओटा धरून पाय बाजूला नेणं (तेच ते इंजेक्शन), एका पावलापुढे दुसरं पाऊल टेकवून दहा आकडे उभं राहणं. डिसेंबरात घोट्याला अर्धा किलो तांदळाची कापडी पुरचुंडी बांधायला लागलो. "ह्या तांदळाचं मग काय करायचं?" हा प्रश्न रोजचा. श्रावणात घरात मासळी बंद, तेव्हा मुगागाठी, अळसांदे अशी कडधान्यं आणि दही कमी पडू दिलं नाही, कारण प्रथिनांशिवाय स्नायू बनणार कशाचे?

नणंद आली त्या दिवशी तोवर जे चालू होतं ते तिला दाखवलं. तिची शंका रास्त होती: ह्या वयात पायांत नवी ताकद येते का? तिला १९९० चा बॉस्टनचा प्रयोग सांगितला. वृद्धाश्रमातली सरासरी नव्वदीची दहा माणसं, आठ आठवडे वजनं उचलण्याचा व्यायाम. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि दोघांची काठी सुटली. नणंदेला आकड्याचं काही वाटलं नाही. पण काठी सुटली म्हटल्यावर ती गप्प झाली आणि जाताना मांयना म्हणाली, "तिचं ऐक."

आमच्याकडे चमत्कार वगैरे झालेला नाही. वर्ष होत आलं, ३० सेकंदांत मांयचे आठ होतात, अजून दहाच्या आतच. मार्चमध्ये कंबर धरली तेव्हा पंधरा दिवस सगळं बंद होतं आणि नंतर गोधडीचा एक पदर परत घालावा लागला. पण यंदा चवथीला पहिल्या दोन आरत्या त्या उभ्याने म्हणाल्या, एक हात खुर्चीच्या पाठीवर. तिसरीला बसल्या. आरत्या संपल्यावर कापराची आरती घ्यायला आपल्या आपण उठल्या. नवरा धावलाच होता, मी त्याचा शर्ट धरला.

व्यायाम सुचवणारा जो भेटेल त्याला आता मी तीनच गोष्टी विचारते. तोलाचं काही शिकवता का? दर काही आठवड्यांनी थोडं अवघड करता का? आणि सुरुवातीला छातीत दुखणं, चक्कर, आधीची ऑपरेशनं हे विचारता का? ज्याने तिसरा प्रश्न कधी कोणाला विचारलाच नाही, त्याच्याकडे माझं माणूस पाठवणार नाही, मग त्याचे कितीही लाख प्रेक्षक असोत.

आपल्या देवळांच्या अग्रशाळा, म्हणजे भाविकांच्या उतरायच्या जागा, आठवड्यातले चार दिवस रिकाम्या असतात. पंखा असतो, छप्पर असतं, भिंतीला लावायला खुर्च्या असतात. धालोचा नाच आणि फुगड्या घालून ज्यांची कंबर तयार झाली त्या बायका गावात आहेत. भजनी मंडळ जमतंच, त्याच्या आधी वीस मिनिटं खुर्चीची उठबस करायला कोणाची हरकत असेल असं वाटत नाही. आमच्या देवस्थान समितीला पत्र दिलंय. "बघूया" असं उत्तर आलंय, म्हणजे दिवाळीनंतर परत जावं लागेल.

तोवर मी मांयचे व्यायाम मराठीत, मोठ्या अक्षरांत, काळ्या स्केचपेनने एका कागदावर लिहून काढलेत. फोटो खाली लावलाय, हवा त्याने छापून घ्यावा. नुकतं कोणी पडलं असेल, हाड मोडलं असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर कागद आधी आपल्या डॉक्टरांना दाखवा. फोंडा, डिचोली, साखळी भागात असा ज्येष्ठांचा गट कुठे चालत असेल तर वार आणि वेळ कळवा. मी मांयना घेऊन येते. शेजारच्या मावशींनाही आणेन, त्या गुडघा धरून चालतात आणि चार दिवसांपूर्वी गोधडी नक्की किती पदरी घालायची ते विचारून गेल्यात.